युज्वली म्हणजे नेहमी

शेवगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली एकतीस वर्षं एक शब्द चुकीचा शिकवला. संपादकांनी 'शिक्षकी पेशातले हृद्य अनुभव' लिहायला सांगितलं आहे. हृद्य अनुभव म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मोठा अधिकारी झालेला विद्यार्थी भर रस्त्यात गाडी थांबवतो आणि बाईंच्या पायांवर डोकं ठेवतो. माझ्यासाठी आजवर कुणी गाडी थांबवलेली नाही. थांबवली ती यष्टीच्या ड्रायव्हरने, आणि तीही मी धावत हात केल्यावर. तेव्हा मी त्या एका शब्दाबद्दलच लिहिते.

शब्द साधा आहे. युज्वली. आठवीच्या पुस्तकात साध्या वर्तमानकाळाच्या धड्याबरोबर येतो.

बाहेरच्या वाचकाला कल्पना नसेल म्हणून सांगते, की आमच्याकडे इंग्रजी कसं शिकवतात. बाईंनी एक वाक्य वाचायचं, मुलांनी ते एका सुरात म्हणायचं, मग बाईंनी अर्थ सांगायचा आणि मुलांनी तो पेन्सिलीने ओळीच्या वर लिहून घ्यायचा. वर्ष संपेपर्यंत पुस्तकात दोन पुस्तकं होतात, छापलेलं इंग्रजी आणि त्याच्या डोक्यावर पेन्सिलीचं मराठी. परीक्षेच्या आधी मुलं वरचं पाठ करतात. इंग्रजी बोलणारा माणूस त्या मुलांनी पाहिलेला नसतो. खरं सांगायचं तर मीही पाहिलेला नव्हता. मी नगरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, पण आमचे सरसुद्धा इंग्रजी कविता मराठीतच समजावून सांगत. मला शाळेत ज्यांनी युज्वलीचा अर्थ 'नेहमी' सांगितला, त्यांना तो त्यांच्या मास्तरांनी सांगितलेला असणार. गाईडातही तेच होतं. शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

मी फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहायचे. ऑलवेज, म्हणजे नेहमी. युज्वली, म्हणजे नेहमी. ऑफन, म्हणजे नेहमी. मग समटाइम्स, कधी कधी. सेल्डम, क्वचित. नेव्हर, कधीच नाही. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, तीन-तीन नेहमी कशाला?" मी म्हटलं, "इंग्रजांकडे शब्द जास्त आहेत." तिचं समाधान झालं. माझंही झालं.

व्याकरणात मात्र मी कडक होते. हा शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी यायचा; 'इज'-'आर' असेल तर त्याच्या नंतर. 'ही युज्वली कम्स', पण 'ही इज युज्वली'. यात कुणी चुकलं तर मी दहा वेळा लिहायला लावत असे. अर्थ चुकलेला असला तरी शब्दाची जागा मी कधी चुकू दिली नाही. सहामाहीत एका मुलाने लिहिलं होतं की सूर्य युज्वली पूर्वेला उगवतो. शब्द बरोबर जागी होता. मी पूर्ण गुण दिले आणि शेजारी 'छान' असं लिहिलं.

गावात इंग्रजी लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे शाळा सुटल्यावरही शाळा चालायची. कुणाला परदेशी निघालेल्या भाच्यासाठी दाखला हवा असे, कुणाला कंपनीचं पत्र वाचून हवं असे. पाराजीमामा म्हणून एक शेतकरी होते, त्यांच्या मुलाचं लग्न ठरवायचं होतं. मुलगी पुण्याच्या कंपनीत, म्हणून मुलाची माहितीही इंग्रजीत पाहिजे असा निरोप होता. मी एकेक विचारत लिहीत गेले. शिक्षण, उंची, शेती, विहीर. शेवटी मामा आपणहून म्हणाले, "आन् पोरगं घेत न्हाई असं बी लिवा."

"अजिबात घेत नाही?"

मामा प्रामाणिक माणूस. थोडं थांबून म्हणाले, "सहसा न्हाई घेत."

मी तसंच लिहिलं. ही युज्वली डझ नॉट ड्रिंक. आठ दिवसांनी मुलीच्या मामांचा पाराजीमामांना फोन आला. सहसा घेत नाही म्हणजे कधी कधी घेतो का, असं त्यांनी विचारलं. पाराजीमामांनी मान्य केलं, की यात्रेला आणि मित्राच्या वरातीला घेतो. पलीकडचे म्हणाले, आजवर अकरा स्थळं पाहिली, सगळीच्या सगळी निर्व्यसनी. खरं लिहिणारे तुम्ही पहिलेच. लग्न झालं. मला नारळ आणि साडी मिळाली. आता वाटतं, त्या दिवशी तो शब्द माझ्या हातून अगदी बरोबर पडला होता, आणि का बरोबर आहे ते मला कळलं नव्हतं. मराठीत आपण 'सहसा' म्हणतो तेव्हा मागून 'नाही' येतं. सहसा येत नाही, सहसा चिडत नाही. 'सहसा येतो' असं आपण म्हणत नाही. म्हणजे नकारासाठी आपल्याकडे शब्द आहे. होकारासाठी 'बहुतेक वेळा' अशी लांबण लावावी लागते, आणि ती कुणी लावत नाही. राग आला की 'नेहमी' म्हणून मोकळं व्हायचं. घराघरांतली भांडणं ऐकावीत. तुम्ही नेहमी असंच करता. तो 'नेहमी' म्हणजे दोनदाही असू शकतो.

आता भागुजीचं सांगते.

भागुजी आमच्या प्रयोगशाळेचा परिचर. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, नववी नापास. पण कुठल्या बाटलीत काय आहे ते त्याला चिठ्ठी न वाचता कळायचं. मोरचुदाला तो 'कापर सल्फेट' म्हणायचा आणि दहावीची मुलं अडली की विज्ञानाच्या सरांऐवजी त्याला विचारायची. घर गावातच, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. शाळा साडेदहाची, त्याने दहाला यायचं, आणि तो यायचाही. मात्र पाणी आलं की त्याला उशीर व्हायचा.

आमच्या भागात पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्या दिवशी नळाला सकाळी नऊला येईल की साडेदहाला, ते ग्रामपंचायतीच्या शिपायालाही माहीत नसतं. भागुजीची बायको सकाळी सातलाच खुरपायला जायची. घरात ऐंशीच्या पुढची आई, तिला कळशी उचलत नव्हती. म्हणून पाण्याच्या दिवशी भागुजी टाकी भरून मगच शाळेत यायचा, अर्धा-पाऊण तास उशिरा. जुन्या मुख्याध्यापकांना हे ठाऊक होतं. ते लेट मार्क टाकायचे आणि विषय सोडून द्यायचे.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना गायके सर मुख्याध्यापक म्हणून आले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्याच सुमाराला आमच्या संस्थेला नवे सचिव लाभले होते आणि त्यांनी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत करण्याचा फतवा काढला होता. संस्थेच्या शाखा सगळ्या खेड्यांत, पोरं सगळी मराठी माध्यमाची, पण पत्र इंग्रजीत. त्यामुळे माझा भाव वाढला. गायके सर मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे, क्लार्क टाईप करायचा, सर सही करायचे. सही मात्र त्यांची फार सुरेख होती.

एक दिवस सचिवसाहेब न कळवता आले आणि आल्या आल्या म्हणाले, प्रयोगशाळा दाखवा. प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली भागुजीकडे, आणि भागुजी पाण्यावर. सचिव पंधरा मिनिटं कुलपासमोर उभे होते. गायके सरांना दरदरून घाम फुटलेला. तेवढ्यात भागुजी आला, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. त्याने नमस्कार केला, कुलूप उघडलं आणि पंखा लावला. सचिव आत न जाताच निघून गेले.

दुपारी सरांनी मला बोलावलं.

"बाई, एक रिपोर्ट पाठवायचाय. लिहा. सदर कर्मचारी नेहमीच कामावर उशिरा येतात."

"नेहमीच?"

"मी आल्यापासून बघतोय ना."

सरांना येऊन चार महिने झाले होते.

मी कागद पुढे ओढला. मनात आधी ऑलवेज आलं, पण ते मला कठोर वाटलं. भागुजी आपला माणूस, त्याला फार लागू नये. म्हणून त्यातल्या त्यात मवाळ म्हणून मी दुसरा शब्द निवडला. ही युज्वली कम्स लेट टू ड्यूटी. शब्द क्रियापदाच्या आधी, बिनचूक. आपण भागुजीवर उपकार केले असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं होतं. घरी जाताना मी जरा खुशीतच होते.

महिन्याने संस्थेकडून भागुजीच्या नावाने जाड लिफाफा आला. मधल्या सुट्टीत भागुजी तो घेऊन माझ्याकडे आला. मुलं बाहेर होती. प्रयोगशाळेच्या ओट्यावर त्याने कागद पसरला आणि वर परीक्षानळ्यांचा स्टँड ठेवला, उडू नये म्हणून.

"बाई, काय लिवलंय त्येवढं वाचून दावा."

आरोपपत्र होतं. आपल्या मुख्याध्यापकांच्या अहवालानुसार, असं म्हणून पुढे माझं वाक्य जसंच्या तसं टाकलेलं होतं. त्यावर चौकशी होईल आणि दोषी आढळल्यास खर्ड्याच्या शाखेत बदली होईल, असं लिहिलं होतं. शेवगावाहून खर्डा म्हणजे जामखेड तालुक्याचं दुसरं टोक. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही. तिथे खोली करून राहायचं, तर मग आईला नळाखाली कोण कळशी लावून देणार, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती.

मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. माझ्या वाक्यावर आल्यावर माझा आवाज जरा खाली आला असावा.

"ह्यो कोनता शबुद?" भागुजीने बोट ठेवलं.

"युज्वली."

"म्हंजी?"

"म्हणजे... नेहमी."

त्याचं बोट त्या शब्दावरच होतं. मग म्हणाला, "नेहमी? आवं, म्या नेहमी उशिरा येतो व्हय? पानी आलं तवाच की. आन् पानी कुटं रोज येतंय?"

हे वाक्य मी लिहिलं आहे, एवढंच सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "गायके सरांनी पाठवलाय रिपोर्ट." हे खोटं नव्हतं. सही त्यांचीच होती.

"मंग उत्तर तुमीच लिवून द्या," भागुजी म्हणाला. "इंग्रजीत पायजेल म्हनत्यात. तुमच्याबिगर हितं कोन हाय?"

अशा रीतीने फिर्यादही माझी आणि बचावही माझाच झाला.

संध्याकाळी घरी मी उत्तर लिहायला बसले. भागुजीचं म्हणणं सोपं होतं. मी वेळेवर येतो, महिन्यातून तीन-चार वेळा पाण्यामुळे उशीर होतो, एरवी नाही. 'एरवी' या शब्दापाशी मी अडले. एरवी म्हणजे काय लिहायचं? पेन आपोआप चाललं. आय युज्वली कम ऑन टाइम.

लिहिलं आणि वाचून पाहिलं. मग पहिला रिपोर्ट आठवला. हा माणूस युज्वली उशिरा येतो, आणि हाच माणूस युज्वली वेळेवर येतो. वाक्यं दोन्ही माझी, शब्दाची जागा दोन्हीकडे अचूक. म्हणजे कुठल्या तरी एका वाक्यात खोट होती, आणि कुठल्या ते मला कळत नव्हतं. घरातला छोटा इंग्रजी-मराठी कोश काढला. त्यात या शब्दापुढे नेहमी, सहसा, बहुधा असे तीन अर्थ ओळीने लिहिले होते. तीन माणसांना एकाच खाटेवर झोपवावं तसे. उपयोग झाला नाही.

शाळेत एक जाडजूड इंग्रजी-इंग्रजी कोश होता. तो फाटू नये म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात ठेवलेला असे, आणि माझ्या आठवणीत तो कुणी काढला नव्हता. सकाळी मी भागुजीला किल्ली मागितली. त्याने कपाट उघडलं, कोशावरची धूळ झटकली आणि ओट्यावर ठेवून शेजारी उभा राहिला.

मी पान काढलं. तिथे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा, की एखादी गोष्ट बहुतेक वेळा, रिवाजाप्रमाणे घडते, पण दर वेळी घडतेच असं नाही. खाली सूचना होती की ऑलवेज आणि हा शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ते मी तीन वेळा वाचलं.

"घावला का शबुद?" भागुजीने विचारलं.

"सापडला," मी म्हटलं.

मग आम्ही दोघांनी हजेरीपत्रक काढलं. गेल्या वर्षभराचे लेट मार्क मोजले. महिन्याला तीन, एखाद्या महिन्यात चार, पावसाळ्यात दोनच. बाकी सगळे दिवस वेळेवर. म्हणजे युज्वली वेळेवर. उत्तरातला शब्द बरोबर होता आणि रिपोर्टातला चूक. उशिराचा शब्द 'कधी कधी' होता, फार तर. मी भागुजीला एवढंच म्हटलं, "उत्तर बरोबर आहे, पाठवून दे." त्याने पाठवलं.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सूर्याबद्दलचं ते वाक्य मला अंथरुणात आठवलं आणि मी उठून पाणी प्यायले, एवढंच सांगते. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता कुणी नगरच्या कारखान्यात आहेत, कुणी दवाखान्यात परिचारिका आहेत, कुणी पोलिसांत आहेत. मशीन युज्वली बंद पडतं, पेशंटला युज्वली दुखतं, असं कुणी कुठे लिहीत असेल आणि समोरचा काय समजत असेल, ते मला कळायला मार्ग नव्हता.

चौकशीला कोरडे साहेब आले. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, बोलणं अगदी कमी. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले. समोर गायके सर, बाजूला भागुजी, उभा. मला बोलावण्याचं ठरलेलं नव्हतं. मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई आला आणि म्हणाला, "बाई, तुमाला सायबांनी बलावलंय. फुस्तक बी आना म्हनले."

"कुठलं पुस्तक?"

"ते काय म्हनले न्हाईत."

मी इंग्रजीचं पाठ्यपुस्तक घेऊन गेले. कोरडे साहेबांच्या पुढे दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"बसा बाई. इंग्रजीच्या ना तुम्ही? दोन्ही कागदांत एकच शब्द आहे. एक म्हणतो युज्वली लेट, दुसरा म्हणतो युज्वली ऑन टाइम. माणूस एकच. मला समजावून सांगा."

उत्तर द्यायला मला दोन वाटा होत्या. एक म्हणजे, भाषा लवचीक असते, संदर्भाने अर्थ बदलतो, वगैरे. बी.एड.ला आम्हाला असं बोलायला शिकवलं होतं, आणि गायके सर आशेने माझ्याकडे बघत होते. दुसरी वाट सरळ होती. मी भागुजीकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता, जणू आमचं बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

मी सांगितलं, की ऑलवेज म्हणजे नेहमी, युज्वली म्हणजे बहुतेक वेळा, समटाइम्स म्हणजे कधी कधी. हजेरीपत्रकाप्रमाणे भागुजी बहुतेक वेळा वेळेवर येतात आणि कधी कधी उशिरा. म्हणून दुसऱ्या कागदातला शब्द बरोबर आहे आणि पहिल्यातला चूक.

"पहिला कागद कुणी लिहिला?"

गायके सर घाईने म्हणाले, "सही माझी आहे, पण मी मराठीत..."

"मी लिहिला," मी म्हटलं.

"आणि दुसरा?"

"तोही मीच."

कोरडे साहेबांनी चष्मा काढला. "मग पहिल्यात चुकीचा शब्द का घातला?"

"मला तेव्हा अर्थ माहीत नव्हता."

कोरडे साहेबांनी पहिला कागद उलटा करून ठेवला.

"किती वर्षं इंग्रजी शिकवताय?"

"एकतीस."

इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी असं उत्तर दिल्याचा त्यांना अनुभव नसावा. मग त्यांनी कागद ओढला आणि स्वच्छ मराठीत लिहिलं: अहवाल लिहिणाऱ्या शिक्षिकेस सदर शब्दाचा अर्थ अवगत नव्हता. कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. आयुष्यात इतकं खरं वाक्य माझ्याविषयी कुणी लिहिलं नव्हतं, आणि ते सरकारी मराठीत होतं.

बदली रद्द झाली. लेट मार्कांबद्दल भागुजीला एक समज देण्यात आली, आणि गायके सरांनी पाण्याच्या दिवसापुरती प्रयोगशाळेची दुसरी किल्ली कार्यालयात ठेवायला लावली. हा उपाय पहिल्याच दिवशी कुणालाही सुचला असता. मला संस्थेकडून ज्ञापन आलं, की अर्थाचं ज्ञान नसताना अहवाल का लिहिला याचा खुलासा करावा. मी एका ओळीत लिहिलं, की चूक झाली. ते ज्ञापन माझ्या सेवापुस्तकात अजून आहे. त्यानंतर दोन महिन्यांत संस्थेने पत्रव्यवहार पुन्हा मराठीत सुरू केला. इंग्रजी शिक्षिकेकडून मराठी भाषेची एवढीच सेवा घडली.

वर्गात चूक दुरुस्त करणं त्या मानाने अवघड गेलं. आठवीला मी शब्दांची तीच यादी फळ्यावर लिहिली आणि युज्वलीपुढे 'बहुतेक वेळा' असं लिहिलं. लगेच एक मुलगी उभी राहिली.

"बाई, गाईडात नेहमी दिलंय."

"गाईड चुकलंय."

"मग परीक्षेत काय लिहायचं?"

चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. शाळेची परीक्षा माझ्या हातातली, पण दहावीला बोर्डाचा पेपर तपासणारे सर कुठल्या तरी दुसऱ्या शाळेचे असणार, आणि त्यांच्या हातात तेच गाईड असणार. मी म्हटलं, "बोर्डाच्या परीक्षेत गाईडातलं लिहा. बोलताना माझं बोला." मुलांनी दोन्ही अर्थ पेन्सिलीने वर लिहून घेतले. बोलायची वेळ त्यांच्यावर कधी येणार होती, ते मी विचारलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. निरोप समारंभात गायके सरांनी माझ्या इंग्रजीवरील प्रभुत्वाबद्दल भाषण केलं, मराठीत. कार्यक्रम संपल्यावर हार, नारळ आणि मुलांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ असं सगळं पिशवीत भरून मी फाट्याकडे निघाले. भागुजीने पिशवी हातातून घेतली आणि तोही चालू लागला.

यष्टीला वेळ होता. आम्ही शेडमध्ये बसलो. इतक्या दिवसांत त्या चौकशीबद्दल आमचं एकदाही बोलणं झालं नव्हतं. मीच विषय काढला.

"भागुजी, त्या दिवशी साहेबांसमोर कळलं ना तुला, की रिपोर्ट मी लिहिला होता?"

"न्हाई," तो म्हणाला. "मला आदीच ठावं हुतं."

"कसं?"

"आवं बाई, शाळंत इंग्रजी दुसऱ्या कुनाला येतंय?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "मग वाचून दाखवायला माझ्याकडे का आलास?"

भागुजीने पिशवीतून डोकावणारं घड्याळ आत नीट बसवलं, काचेला धक्का लागू नये म्हणून.

"म्हनलं, तुमी सांगताय का ते बगावं."

मला त्या ओट्यापाशी मी काय बोलले होते ते शब्दन् शब्द आठवलं. समोर रस्त्याने उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "मी तेव्हा सांगितलं नाही."

"न्हाई सांगितलं. लई वंगाळ वाटलं मला. घरी जाऊन आईला म्हनलं, बाईसुदिक आपल्या न्हाईत." त्याने पिशवीचे बंद ओढून गाठ मारली. "पर मंग समद्यांम्होरं सांगितलंत की. म्या त्या खिडकीकडं बगत हुतो, तुमच्याकडं बगवंना."

यष्टी आली. त्याने पिशवी आधी आत ठेवली, मग मला चढायला हात दिला. मी खिडकीपाशी बसले. खाली उभा राहून तो म्हणाला, "येत जावा बाई कवामवा."

"येईन," मी म्हटलं.

जूनपासून आतापर्यंत मी दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा तो दहाच्या ठोक्याला शाळेत होता.